याडीच्या दरडीवरची हाक

एप्रिलमध्ये यवतमाळला कुणी जातं का, असं मला घरातल्यांपासून कॉलेजातल्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं, टरबुजं एप्रिलमध्येच पिकतात. उत्तर खरं होतं, पण पुरतं नव्हतं. पुरतं उत्तर असं, की मला एका जागी बसवत नाही. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पन्नाशी उलटली तरी ती भिंगरी सुटलेली नाही, आणि बंद खोलीतल्या प्रयोगांना तर मी पार विटले होते.

प्रयोग कसले, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. एखादा निरोप आला, तर ज्याच्या नावानं आला त्यानंच तो पाठवलाय हे ओळखायचं कसं? एरवी दोघांत काहीतरी गुपित ठरलेलं असतं. परवलीचा शब्द, किंवा मोबाइलवर येतो तो आकडा. गुपित फुटलं की खेळ खलास. आमचं म्हणणं असं, की गुपित नकोच. निरोप ज्या वाटेनं येतो ती वाट त्याला आपल्या खुणा लावून पाठवते, थोडी खरखर, थोडा घुमारा. जिन्यावरची पावलं ऐकून घरातली बाई सांगतेच की कोण आलं. पावलं काही परवलीचा शब्द म्हणत नाहीत. आणि कुणी तोतया दुसऱ्या जिन्यानं चढला, तर त्याची पावलं वेगळी वाजणारच. कागदावर आम्ही हे सिद्ध केलं होतं. आता ते उन्हात, वाऱ्यात, माणसांत होतंय का ते बघायचं होतं.

पुसद

प्रवासाचं वर्णन करत नाही, कारण रात्रभर बसमध्ये मी फक्त कूस बदलत होते. पुसदला उतरले तेव्हा सकाळीच ऊन असं तापलेलं, की आमच्या पुण्यात लोक त्याला दुपार म्हणतील. स्टँडवर फिरोजभाई जीप घेऊन उभे होते. जीप त्यांची, आणि वायरलेसच्या दुरुस्तीत हातही त्यांचाच, म्हणून त्यांना आधीपासून ठरवलं होतं. त्यांनी मला प्रथम हॉटेलात नेलं आणि तर्री-पोहे मागवले. पोह्यांवर लाल तवंगाचा रस्सा! आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळताना सुद्धा हात आखडतो. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि तिसऱ्यापासून मी बोलायचंच बंद केलं. फिरोजभाई म्हणाले, मॅडम, पुण्याच्या माणसाला गप्प करायचं औषध आमच्याकडे हेच आहे.

वाटेत त्यांनी दोनदा चहाला थांबायचं सुचवलं आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं. पळसाची फुलं गळून गेलेली, सागवान उघडंबोडकं, आणि मधूनच एखादं कडुनिंबाचं झाड असं हिरवंगार, की त्याचा रागच यावा. माझा जीव मात्र मागच्या सीटवरच्या डब्यांत होता. वायरलेसचे दोन डबे होते, एकात बोललेलं दुसऱ्यातून ऐकू येणारे. एक तांड्यावर ठेवायचा, एक नदीत. त्यांत मी नवीन चाळणी बसवली होती, खरखर गाळून टाकणारी, म्हणजे बोललेलं लख्ख ऐकू जावं. त्या चाळणीचा मला फार अभिमान होता.

तांडा

पैनगंगा इथं एक मोठं वळण घेते. वळणाच्या उंच दरडीवर बंजारा लोकांचा तांडा आहे, आणि पलीकडे तशीच दुसरी दरड, उभी, काळी. मधे उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसती रेती. वरच्या धरणातून खालच्या गावांना प्यायचं पाणी सोडतात तेव्हाच काय ती वाहते. पण वळणाच्या खाली, रेतीतच, टरबुजांच्या वाड्या असतात. पाणी सुटलं की वाडीतल्यांनी पाण्याची मोटार उचलायची, तोडलेला माल उचलायचा आणि काठावर यायचं. धरणाची कचेरी दवंडी देते, पण दिवस पुढंमागं होतो, आणि पात्रात मोबाइलला रेंज नाही. मग कळतं कसं? तर जमनाबाई हाक मारतात.

जमनाबाई तांड्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई. सगळे त्यांना याडी म्हणतात, म्हणजे आई. वळणावर पाणी प्रथम त्यांना दिसतं. दिसलं की दरडीच्या टोकावर जाऊन त्या एक लांब हाक देतात. शब्द नाहीत, नुसती 'हूऽऽ'. खालच्या वाडीत ती ऐकू गेली की तिथला माणूस पितळी थाळी वाजवतो. थाळी ऐकली की याडी दुसरी हाक देतात. मग त्या वाडीतला माणूस पुढच्या वाडीला हाक देतो. आणि नियम असा, की ज्यानं त्यानं आपल्याच जागेवरून हाक द्यायची. दुसऱ्याच्या जागेवर उभं राहून हाक दिली, तर त्या घराशी बोलणं बंद.

मी विचारलं, समजा वाऱ्यानं थाळीच ऐकू आली नाही, तर? याडी माझ्याकडे बघत राहिल्या. मग फिरोजभाईंना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, आणि सगळ्या बाया हसल्या. ते मला म्हणाले, याडी विचारतात, ही बाई जेवते कधी? ज्वारीची भाकरी समोर आली. तांड्यावर तिला बाटी म्हणतात. सोबत तिखटजाळ चटणी आणि कांदा. मी अर्धी उभ्यानेच खाल्ली, तर याडींनी माझा हात धरून मला खाली बसवलं. घरी असं मला कुणी बसवलेलं नाही.

नदीचं पात्र

एक डबा तांड्यावर फिरोजभाईंजवळ ठेवला आणि दुसरा घेऊन मी लताताईंच्या वाडीवर गेले. दोन कोरड्या धारांच्या मधे रेतीचा उंचवटा, त्यावर पळाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची, खोपी, खोपीवर निळा झेंडा, आणि सभोवार वेल. लताताई माझ्याहून लहान असतील, पण कामानं हात असे झालेले, की माझे लपवावेसे वाटले. नवरा माल घेऊन उमरखेडच्या बाजारात गेलेला, लेकरं आजोळी. खोपीत त्यांचे सासरे, किसनबाबा. गुडघे धरलेले, नजर अधू, कान मात्र शाबूत. मी जय भीम केला, त्यांनी जय भीम केला, आणि एक टरबूज बोटानं वाजवून माझ्यापुढं ढकललं. आमच्याकडे आपण कलिंगड विकत घेताना वाजवतो आणि काही कळलंय असं तोंड करतो. त्यांना खरंच कळत होतं. असलं गोड टरबूज मी जन्मात खाल्लं नव्हतं.

लताताईंनी मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. भर दुपारी याडींची हाक आली. सगळी वाडी उठून पळाली. बाबा तेवढे उठले नाहीत. लताताई रडल्या, हात जोडले, शेवटी लेकरांना घेऊन काठावर गेल्या आणि सासऱ्याला पात्रात सोडून आल्या म्हणून काठावर ऊर बडवत बसल्या. पाणी आलंच नाही. कुणीतरी कुठल्याशा लग्नात याडींची हाक मोबाइलवर भरून घेतली होती, ती गाडीवरच्या भोंग्यातून पुलावरून वाजवली. रिकाम्या वाड्यांतला माल टेम्पोत भरून नेला. फक्त बाबा बसले होते म्हणून यांची वाडी वाचली. लताताई म्हणाल्या, तवापासून गाव म्हनते, सून पयाली अन् म्हातारा राह्यला. हे सांगताना त्या रेतीवर काडीनं रेघा मारत होत्या.

मी बाबांना विचारलं, ओळखलंत कसं? ते म्हणाले, "आवाज याडीचाच व्हता. पन याडीच्या जागेवरून नाई आला."

हेच तर आमचं अख्खं संशोधन! मी वहीत लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं, आणि त्याचा अर्थ माझ्या टाळक्यात शिरायला पुढचे दोन दिवस गेले. शिकलेलं डोकं कधी कधी असं दगड होतं.

त्याच संध्याकाळी चाचणी झाली. सगळ्यांना आधी सांगून ठेवलं, की ही खोटी हाक आहे. तांड्यावर याडींनी हाक दिली. माझ्या डब्यातून ती आधी आली, स्वच्छ, जशी शेजारी उभं राहून दिलेली. मग थोड्या वेळानं वाऱ्यावरची खरी हाक आली, विरलेली, आणि तिच्या मागं पलीकडच्या दरडीनं परतवलेली तीच हाक पुन्हा. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं डब्याभोवती जमून मान डोलवत होती. बाबा मात्र थाळी मांडीवर घेऊन वाऱ्यावरच्या हाकेची वाट बघत बसले होते, आणि ती आल्यावरच त्यांनी थाळी वाजवली. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. घोडं कुठं पेंड खातंय ते समोर दिसत असून मला दिसलं नाही.

दुसरा दिवस वाट बघण्यात गेला. पाणी आज सुटणार, उद्या सुटणार. मी खोपीतून धारेपर्यंत आणि धारेपासून खोपीपर्यंत इतक्या खेपा घातल्या, की लताताई म्हणाल्या, मॅडम, तुमाले हिंडायचंच असंल तं वेलाले पानी तरी टाका. मग मी डबक्यातून घागरी भरून पाणी घातलं. त्यानं थोडं बरं वाटलं. जेवायला टरबुजाच्या पांढऱ्या गराची भाजी होती. आम्ही तो भाग गाईला टाकतो. भाजी चांगली लागते, दुधीच्या जवळची.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा उलटला. खालून वर, तांड्याच्या दिशेनं वाहू लागला, गरम, तोंडात रेती भरणारा. लताताईंनी आकाशाकडे बघून, असा वारा चांगला नाई, एवढंच म्हटलं. आणि थोड्याच वेळात माझ्या डब्यातून याडींची हाक आली. लख्ख. मागून फिरोजभाईंचा आवाज, "मॅडम, पाणी वळणावर आलं. निघा लवकर."

वाऱ्यावरून काहीच आलं नाही. येणार कसं? वारा उलटा होता.

लताताई उठल्या, सासऱ्यांकडे बघितलं, आणि जागच्या जागी थांबल्या. बाबा जागचे हलले नव्हते. मी त्यांना म्हटलं, बाबा, पाणी आलंय, मी स्वतः ऐकलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, तुमी डब्यातच आयकलं ना. मी समजावलं. मग ओरडले. पुण्याच्या मास्तरणीला ओरडणं चांगलं जमतं, पण म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. लताताईंनी त्यांचे पाय धरले.

"बाबा, उठा ना. मागच्या साली लोक मले काय काय बोलले. यंदा मी तुमाले सोडून नाई जाणार. तुमी बसान तं मी बी बसतो."

आणि त्या खरंच रेतीवर बसल्या. माझा जीव टांगणीला लागला. दोघांना उचलून न्यायची ताकद माझ्यात नव्हती, आणि शेजारच्या वाड्यांतली माणसं आपापल्या खोपीपुढं उभी राहून बाबांकडेच बघत होती. म्हातारा उठला तर खरं, नाहीतर खोटं. मागच्या वर्षापासून सगळ्या पात्राचा हाच हिशोब. मी डब्याला एक लाथ घातली. आवाज याडींचाच, पण...

आणि तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. याडींच्या जागेवरून येतो म्हणजे काय? दरड येते, वारा येतो, अंतर येतं. आणि मी काय केलं होतं? ते सगळं कचरा म्हणून चाळून फेकून दिलं होतं. ज्या खुणेवर माणूस ओळखायचा, असं मी लेख लिहून जगाला सांगत होते, तीच खूण स्वतःच्या हातानं पुसली होती. माझा डबा आणि तो पुलावरचा भोंगा बाबांच्या कानाला सारखाच होता. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मी चाळणी बंद केली. डब्यावरूनच फिरोजभाईंना सांगितलं, माइक याडींच्या तोंडापासून काढा, लांब नेऊन कड्यावर ठेवा, आणि याडींना म्हणावं नेहमीसारखं पलीकडच्या दरडीला हाक द्या. ते म्हणाले, मॅडम, काही ऐकू येणार नाही, नुसती खरखर येईल. मी म्हटलं, खरखरच हवी आहे, पळा. समोरच्या धारेतली रेती ओली दिसायला लागली होती.

डब्यातून वारा आला. सळसळ, खरखर, कुठंतरी कुत्रं भुंकलं. मग त्या सगळ्याच्या पोटातून अगदी बारीक, 'हूऽऽ'. आणि तिच्या मागं दरडीनं परतवलेली तीच.

बाबांनी मान वर केली. थाळी घेतली आणि वाजवली. उलटा वारा आता आमच्या बाजूचा होता. थाळीचा आवाज त्यानं तांड्याकडे नेला. आम्ही तिघं श्वास धरून डब्याकडे बघत बसलो. मला आठवतंय, लताताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

डब्यातून दुसरी हाक आली. मागून दरड.

"उठव मले," बाबा म्हणाले. आणि उठून उभे राहिल्याबरोबर त्यांनी तोंडाशी हात धरून पुढच्या वाडीला हाक दिली. त्या आवाजानं मी दचकले. एवढा आवाज त्या छातीत कुठं होता कोण जाणे.

पुढचं सगळं धावपळीचं. लताताईंनी मोटार डोक्यावर घेतली, मी बाबांना धरलं, शेजारच्यांनी जमेल तेवढी टरबुजं उचलली. पाणी आलं ते वाटलं होतं तसं गर्जत नाही आलं. फेस, पालापाचोळा, शेणकुटं पुढं ढकलत, जिभेसारखं सरपटत आलं, पण मागं वळून बघितलं तर धार कमरेला लागत होती. बाबांना मधे घेऊन आम्ही कसाबसा काठ गाठला. खालच्या अंगाचा सगळा वेल बुडाला, तोडलेल्या मालातला निम्मा वाहत गेला, आणि माझी एक चप्पल त्याच्या मागं गेली. लताताई काठावर बसून सासऱ्याचे पाय पदरानं पुसत होत्या. या वर्षी कुणी त्यांना काही बोललं नाही.

काठावर

याडी तांड्यावरून चालत आल्या. बाबांपाशी बसल्या. मग बाबांनी मला हाक मारली आणि विचारलं, तुमच्या डब्यानं हाक भरून ठेवली काय?

ठेवली होती. डबा सगळंच ठेवतो. ती हाक, थाळी, दुसरी हाक, सगळं नखाएवढ्या कार्डावर होतं. आमच्या अख्ख्या कामाचा खऱ्या नदीतला, खऱ्या माणसांतला एकमेव पुरावा. पुण्याला जाऊन ते ऐकवायचं, एवढीच घाई आता माझ्या अंगात होती.

बाबा म्हणाले, मागच्या साली चोरांपाशी नुसता याडीचा आवाज होता, म्हणून मी बसून राह्यलो. आता तुमच्यापाशी दरडबी आली. हे कोनाच्या हाती लागलं तं मी कायच्यावर वळखू?

मी म्हटलं, बाबा, मिटवून टाकते. त्यांच्यासमोर बटणं दाबली, दाखवलंही. लताताईंनी वाकून बघितलं आणि मान हलवली.

"मिटोली म्हनता," बाबा म्हणाले. "मिटोली, हे मी कसं वळखू?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आयुष्यभर ज्या प्रश्नावर भाकरी खाल्ली तो प्रश्न एका म्हाताऱ्यानं मला विचारला. आणि खरं सांगायचं तर मिटवलेलं परत काढता येतं, आणि ते कसं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला बाबांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. थोडा वेळ मी काठावर एका चपलेनं येरझाऱ्या घातल्या. मग डबा उघडला, कार्ड काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते पानाच्या चंचीत, सुपारीजवळ टाकलं आणि चंचीची दोरी ओढली.

पुणे

महिन्याभरानं विभागाची बैठक झाली. मी सगळी हकिगत सांगितली. ऐकून झाल्यावर प्रमुखांनी चष्मा काढून विचारलं, छान, पण रेकॉर्डिंग? मी म्हटलं, पैनगंगेच्या काठी, एका चंचीत आहे. कुणीतरी हसलं. प्रमुख सौम्यपणे म्हणाले, बाई, पुराव्याशिवाय आम्ही हे कशाच्या जोरावर खरं मानायचं? मला तिथून उठून कुठंतरी चालत सुटावंसं वाटत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. एरवी मी असले फोन घेत नाही, पण बैठकीपासून सुटका म्हणून घेतला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता वारा. रेतीवरचा वारा कसा वाजतो ते आता मला माहीत आहे. मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

'हूऽऽ'. आणि मागून दरड.

मे महिन्यातलं दुसरं पाणी सुटलं असणार. वाडी ते वाडी हाक पुढं गेली असणार, आणि दरडीच्या टोकावर फोन धरून उभ्या असलेल्या कुणालातरी वाटलं असणार, की अजून एक माणूस राहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी समोरच्या स्टीलच्या ताटलीतली बिस्किटं टेबलावर ओतली, ताटली हातात धरली आणि चमच्यानं वाजवली, जोरात. मग ती खाली ठेवून फोनकडे बघत उभी राहिले. बराच वेळ नुसता वारा येत राहिला. प्रमुखांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर मी हातानं थांबवलं.

मग दुसरी हाक आली.